सुलभ करणे आणि कमी करणे
(पालक-विद्यार्थी मेळाव्यात संस्थेच्या एका शिक्षकाने, बी. ए., बी. एड., केलेले भाषण)





विद्यार्थ्यांच्या उपयोगी पडेल अशा एका शब्दावर चार शब्द बोलावेत, अशी मला सूचना झाली. मी 'सुलभीकरण' हा शब्द निवडला आहे. शब्द उच्चारायला जड आहे आणि त्याचा अर्थ मात्र 'सोपे करणे' असा आहे, ही गंमत माझ्याही लक्षात आली. पण आपल्या मुलांच्या शिक्षणाचा निम्मा प्रश्न या एका शब्दात आहे, असे मला वाटते.

प्रथम अर्थ पाहू. मराठीत 'सु'ने सुरू होणारे तीन शब्द आहेत. सहज मिळते ते सुलभ, सहज करता येते ते सुकर आणि जेथे सहज जाता येते किंवा जे सहज समजते ते सुगम. यांचे विरुद्धार्थी शब्द दुर्लभ, दुष्कर, दुर्गम. आता 'सुलभ'ला 'करण' जोडताना मध्ये 'भी' झाला, याकडे विद्यार्थ्यांनी लक्ष द्यावे. जे पूर्वी तसे नव्हते ते तसे करणे, असा त्या दीर्घ ईकाराचा अर्थ आहे. रस्ता अरुंद होता, तो रुंद केला म्हणजे रुंदीकरण. पाणी अशुद्ध होते, ते शुद्ध केले म्हणजे शुद्धीकरण. म्हणजेच सुलभीकरण हे कोणीतरी कष्टाने करावयाचे काम आहे. ते आपोआप होत नाही.

आपल्या घरातही हा अर्थ जुना आहे. आपली मुले अरबी अक्षरे ज्या कायद्यावरून गिरवतात, त्याचे नाव 'यस्सरनल कुरआन'. 'यस्सरना' म्हणजे 'आम्ही सुलभ केले'. 'युस्र' म्हणजे सुलभता, 'उस्र' म्हणजे अडचण. हा कायदा शिकवतो कसा, ते आठवून पाहा. आधी सुटे अक्षर, मग जोड, मग शब्द. परंतु अरबीच्या 28 अक्षरांपैकी एकही अक्षर त्यात गाळलेले नसते. शिकण्याच्या पायऱ्या वाढविल्या, शिकावयाचे काही घटविले नाही.

याच अर्थाचा आणखी एक शब्द रोज आपल्या तोंडी असतो, तो म्हणजे 'सवलत'. हा मूळचा 'सहूलत', म्हणजे सुलभता. अरबी-फारसीतून तो मराठीत आला आणि त्याचा अर्थ थोडा सरकला. 17 मार्च 2023 पासून एस. टी. मध्ये महिलांना निम्मे भाडे झाले, त्याला आपण सवलत म्हणतो. तिकिटाची रक्कम कमी झाली. ही सवलत चांगलीच आहे. अशा सवलतींनी शाळेचे दार उघडते. पण दारातून आत आल्यावर शिकावयाचे ते पूर्णच शिकावे लागते. म्हणून सवलत आणि सुलभीकरण यांत गल्लत होता कामा नये.

हा फरक गणित फार चांगला शिकविते. 'सरळ रूप द्या' हा प्रश्न सर्वांना माहीत आहे. 18/24 या अपूर्णांकाचे सरळ रूप 3/4. वर आणि खाली 6 ने भागले. चोवीस आंब्यांतले अठरा आणि चार वाट्यांतले तीन, हिस्सा तोच राहिला. रूप बदलले, किंमत बदलली नाही. माझ्या मते सुलभीकरणाची खरी कसोटी हीच आहे.

आता एक खोटे सुलभीकरण पाहा. 16/64 मध्ये वरचा 6 आणि खालचा 6 खोडला की 1/4 उरतो. उत्तर बरोबर! मुलाला वाटते, युक्ती सापडली. तीच युक्ती तो 12/24 ला लावतो, दोन्ही 2 खोडतो आणि पुन्हा 1/4 लिहितो. खरे उत्तर मात्र 1/2. पहिल्या वेळी नशिबाने साथ दिली, दुसऱ्या वेळी दिली नाही. परीक्षेच्या आदल्या रात्री पाठ केलेले गाईड असेच असते.

येथे मला माझी एक चूक कबूल करावयाची आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मुलांचे ओझे हलके व्हावे म्हणून मी दरवेळी पाच-सहा उदाहरणांवर खूण करून देत असे आणि 'एवढी करा, पुरे' म्हणत असे. मुले उत्तीर्ण झाली, पालकही खूश झाले. पुढच्या वर्गात ती समीकरणांना अडली, कारण अपूर्णांक त्यांना आलेच नव्हते. त्यांतल्या दोन मुलींनी गणिताच्या धास्तीने दहावीनंतर शिक्षण सोडले. मी सुलभ केले नव्हते, कमी केले होते. तेव्हापासून पालक 'सर, पोराला जरा सोपं करून द्या' म्हणाले की मी विचारतो, 'नेमके कुठे अडते ते आधी पाहू या का?'

नेमके कुठे अडते, याचे एक मोठे उदाहरण सर्वांना आठवत असेल. जून 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात संख्यांची नावे 'वीस एक', 'वीस पाच' अशीही वाचावयास दिली गेली. सभागृहापासून चावडीपर्यंत थट्टा झाली. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांचे म्हणणे मात्र अडचणीवर बोट ठेवणारे होते. 'पंचवीस' म्हणताना पाच आधी ऐकू येतो आणि लिहिताना दोन आधी येतो. त्यामुळे लहान मूल 25 ऐवजी 52 लिहिते. उर्दूतल्या 'पच्चीस'चीही तीच गत आहे. पलीकडे तेलुगूत मात्र वीस आधी म्हणतात आणि पाच नंतर. यावर मतभेद जरूर असावेत. बाजारात पंचवीसच म्हणावे लागते, म्हणून जुनी नावे यायलाच हवीत, आणि पुस्तकाने ती काढलीही नव्हती. पण कसोटी लावून पाहा. 'वीस पाच' म्हटल्याने पंचविसाची किंमत एकानेही कमी होत नाही.

भाषेतही असे झालेले आहे. जुन्या पुस्तकांत 'नाहीं', 'तें', 'मीं' असे उच्चार नसलेले अनुस्वार दिसतात. 1962 साली मराठी साहित्य महामंडळाचे लेखनाचे 14 नियम शासनाने स्वीकारले, 1972 मध्ये त्यांत आणखी 4 नियमांची भर पडली, आणि हे अनुस्वार गेले. तेव्हाही वाद झाला. पण आज 'नाही' लिहिल्याने नकार काही कमी होत नाही.

आता पालकांशी थोडे बोलतो. मागे एक वडील शिष्यवृत्तीचा अर्ज घेऊन संध्याकाळी माझ्या घरी आले. हमालीचे काम करणारे, घरात दखनी बोलणारे गृहस्थ. म्हणाले, 'सर, पोरीनं कागद वाचून दाखवला, पण ह्याच्यात मागितलंय काय तेच कळलं नाही.' कागदावर लिहिले होते की विहित नमुन्यातील अर्ज साक्षांकित प्रतींसह विहित मुदतीत सादर करावा. मुदत दोन दिवसांपूर्वीच संपली होती. मुलगी हुशार होती, कागदपत्रे घरात होती, पैसे मिळण्यासारखे होते. ते वर्ष गेले ते 'विहित' आणि 'साक्षांकित' या दोन शब्दांपायी. तेथे 'या फॉर्मवर अर्ज लिहा, सही-शिक्क्याच्या झेरॉक्स जोडा, अमुक तारखेच्या आत द्या' असे लिहिले असते, तर शासनाचा कोणता नियम मोडला असता?

आपल्या मराठवाड्याला हे दुःख नवे नाही. 17 सप्टेंबर 1948 पूर्वी, निजामाच्या राज्यात, येथील कचेरीची भाषा उर्दू होती. तेव्हा मराठी बोलणारा शेतकरी आपल्याच जमिनीचा कागद दुसऱ्याकडून वाचून घेत असे. आज राज्यकारभार मराठीत चालतो आणि दखनी बोलणारा बाप कागद घेऊन शिक्षकाच्या दारी येतो. भाषा बदलली, पण कागद आणि माणूस यांमधले अंतर तेवढेच राहिले. म्हणून दोष उर्दूचा नाही आणि मराठीचाही नाही. ज्याच्यासाठी लिहावयाचे त्याला समजेल असे लिहिले जात नाही, हा दोष आहे. अर्ज, दाखला, नक्कल, हरकत, तारीख हे शब्द अरबी-फारसीतून येऊन मराठीच झाले आणि खेड्यातल्या कोणालाही समजतात. समजणारा शब्द सोडून न समजणारा का घ्यावा?

तेव्हा माझ्या तीन विनंत्या आहेत. पालकांनो, मूल घरी आल्यावर 'किती मार्क पडले?' याच्या आधी 'आज काय समजले नाही?' असे विचारा. कागद समजला नाही तर लाज न बाळगता मुदतीच्या आधी विचारा, आमची दारे उघडी आहेत. विद्यार्थ्यांनो, आठवीनंतरच्या प्रत्येकाने आपल्या गल्लीतल्या एका घरी आलेला कागद सोप्या भाषेत वाचून दाखवावा. ज्याला दुसऱ्यासाठी सोपे करून सांगता येते, त्यालाच तो विषय आला असे समजावे. आणि माझ्या शिक्षक बंधू-भगिनींनो, आपण पायऱ्या वाढवू या, पण धडा कापू नये.

आपली मुले कमी प्रतीची नाहीत. त्यांना कमी देऊन आपण त्यांच्यावर उपकार करीत नाही. पूर्ण द्या, फक्त समजेल असे द्या. अपूर्णांकाप्रमाणे रूप सरळ होवो, किंमत तीच राहो, एवढीच अपेक्षा व्यक्त करतो आणि आपली रजा घेतो.