गंजी जळाली, राख मात्र जपा



सुगी आटोपली, कडब्याच्या गंज्या रचून झाल्या की वर्षभराच्या वैरणीची काळजी मिटली असे आपण समजतो. अशात एखाद्या रात्री गंजी पेटते आणि जनावरांच्या तोंडचा घास तासाभरात राख होतो. आपल्या तोंडून पहिला शब्द निघतो, "कुणीतरी लावली!" बांधाचा वाद असतो, पाण्याच्या पाळीवरून बोलाचाली झालेली असते, त्यामुळे नावही लगेच सुचते. पण नुसत्या संशयावर खटला टिकत नाही. त्याला पुरावा लागतो, आणि तो पुष्कळदा आपणच पहिल्या दिवशी राख उपसून घालवतो.

आधी कायदा पाहू. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम ३२६ लागू आहे. त्यापूर्वीच्या घटनांना दंड संहितेची कलमे ४३५ व ४३६ लागतात. शेतमाल किंवा इतर मालमत्ता जाळल्यास सात वर्षांपर्यंत कैद व दंड होतो. राहते घर किंवा माल ठेवण्याची इमारत नष्ट करण्यासाठी आग लावल्यास जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत कैद व दंड होऊ शकतो. मात्र आग जाणूनबुजून लावली, आणि ती याच व्यक्तीने लावली, या दोन्ही गोष्टी सरकार पक्षाला सिद्ध कराव्या लागतात.

म्हणूनच तपासात अपघाताची शक्यता आधी पडताळली जाते. ओलसर गवत दाबून रचले तर ते आतून तापून आपोआप पेटू शकते. वरून गेलेल्या तारांची ठिणगी, शेजारी पेटवलेले पाचट, टाकून दिलेली विडी हीही कारणे असतात. तारेचा संशय असेल तर वीज कंपनी व विद्युत निरीक्षकांना कळवा. याउलट, एकमेकांपासून दूर असलेल्या दोन-तीन जागी एकदम आग लागणे किंवा रॉकेल-पेट्रोलचा वास येणे या घातपाताकडे बोट दाखवणाऱ्या खुणा आहेत.

अशा वेळी पुढील गोष्टी ध्यानात ठेवा :

१. प्रथम माणसे व जनावरे वाचवा. ११२ किंवा १०१ क्रमांकावर कळवा आणि आग विझवा.

२. पोलीस येईपर्यंत जागा साफ करू नका. पावलांचे ठसे, बाटली, डबा, काडेपेटी यांना हात लावू नका. धुमसणारा ढीग हलवावाच लागला तर आधी फोटो काढा.

३. राखेचे व खालच्या मातीचे नमुने पोलिसांनाच पंचांसमक्ष घेऊ द्या. ते हवाबंद डब्यात किंवा बरणीत सीलबंद व्हावेत, असा आग्रह धरा. साध्या पिशवीतून तेलाची वाफ उडून जाते आणि प्रयोगशाळेच्या हाती काही लागत नाही.

४. फिर्याद त्वरित द्या. तिची प्रत मोफत मिळते. गुन्हा दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीतला असला तरी फिर्याद घ्यावी लागते. नोंद नाकारल्यास पोलीस अधीक्षकांना टपालाने लेखी कळवा. तरीही दाद न मिळाल्यास न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.

५. तलाठ्यांचा पंचनामा नुकसानीसाठी असतो, तर पोलिसांचा गुन्ह्यासाठी. एक झाला म्हणून दुसरा सोडू नका.

६. जबाबात जे पाहिले तेच सांगा. "पळताना पाहिला" आणि "त्यानेच लावली असेल" यांत फार अंतर आहे. संशय असेल तर तो संशय म्हणूनच आणि कारणासह नोंदवा. वैरापोटी खोटे नाव गोवणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. शिवाय त्यामुळे खरा गुन्हेगार सुटतो.

तपास कोठवर आला हे पोलिसांनी ९० दिवसांच्या आत फिर्यादीला कळवायचे असते. तसे झाले नाही तर फिर्यादीची प्रत घेऊन विचारणा करा.

आणि यंदा गंजी रचताना एवढे करा : वैरण पूर्ण वाळवा, तारांखाली रचू नका, सगळी वैरण एकाच जागी ठेवू नका. दोन गंज्यांत पुरेसे अंतर असेल तर एक जळाली तरी दुसरीवर जनावरे जगतील.