लिहून घ्या, तारीख टाका



वसई-विरारची महाविद्यालयं सकाळी लवकर जागी होतात. आगाशी, निर्मळ, भुईगावची मुलं बसनं येतात, सफाळे-पालघरची गाडीनं, नालासोपारा पूर्वेची मुलं रिक्षात चौघं-पाचजणं दाटीवाटीनं. घरातून निघालेली मुलगी वर्गात येऊन बसेपर्यंत तीन-चार पोलीस ठाण्यांच्या हद्दी ओलांडते. फलाटावर लोहमार्ग पोलीस, स्थानकाबाहेर आली की माणिकपूर नाहीतर वालीव, आणि घर तुळिंजच्या नाहीतर आचोळ्याच्या हद्दीत. तिच्या मागावर असलेल्याला मात्र हद्द नसते. तो घरापासून कॉलेजच्या फाटकापर्यंत येतो.

महाविद्यालयात किंवा त्याच्या आसपास गुन्हा घडला, संकट ओढवलं, तर सांगायचं कुणाला आणि ऐकणाऱ्यानं करायचं काय, याविषयी मी आज बोलणार आहे. ‘मुलींनी धीट व्हावं, पुढं येऊन बोलावं,’ असं आपण कितीतरी वर्षं ऐकतो आहोत. माझं म्हणणं आहे की आपल्या मुली बोलतात. आपल्या वसईतल्याच मुली बोलल्या आहेत, आणि तरी गेल्या.

नोव्हेंबर २०२० मध्ये वसईच्या एका मुलीनं तुळिंज पोलिसांना लेखी तक्रार दिली होती. सोबत राहणारा तरुण मारहाण करतो, जिवे मारून तुकडे करण्याची धमकी देतो, असं त्या कागदावर तिनं स्वतः लिहिलं होतं. पुढं तिनं तक्रार मागं घेतली. मे २०२२ मध्ये दिल्लीत तिचा खून झाला, आणि ज्याची धमकी तिनं लिहून ठेवली होती तेच तिच्या देहाचं झालं. ते नोव्हेंबरात उघडकीला आलं, तेव्हा दोन वर्षांपूर्वीचा तो कागद साऱ्या देशानं वाचला.

‘तिनंच मागं घेतली ना तक्रार,’ असं तेव्हा अनेकजण म्हणाले. मला ते पटत नाही. रोज मार खाणारी, त्याच माणसाच्या घरात झोपणारी मुलगी तक्रार मागं घेते, तेव्हा ती बहुधा भीतीपोटी घेते, कधी त्याच्या घरच्यांच्या गयावयांपायी, कधी राहायला दुसरं छप्पर नाही म्हणून. मागं घेतलेली तक्रार म्हणजे धोका टळला, असं कुणी समजू नये. आठवड्यानं, महिन्यानं कुणीतरी तिच्याकडे परत जायला हवं, आणि तिला एकटीला गाठून विचारायला हवं.

दुसरी घटना १८ जून २०२४ ची. वसई पूर्वेला चिंचपाड्यात सकाळच्या वेळी एका तरुणानं ओळखीच्या मुलीला भररस्त्यात लोखंडी पान्याचे घाव घालून मारलं. आसपास माणसं होती. कुणी थांबून पाहिलं, कुणी मोबाइलवर टिपलं. अडवायला पुढं सरसावला तो एखादाच. काही दिवस आधी ती पोलीस ठाण्यात जाऊन आली होती, असं तिच्या घरच्यांनी सांगितलं.

ठाण्यात गेल्यावर कानावर पडणारा एक शब्द इथं नीट समजून घेऊ या. तो शब्द ‘एनसी’, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. एनसी झाली की हातात कागद येतो, बरं वाटतं. पण न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तिचा तपास करता येत नाही. उलट, मुलगी नको म्हणत असताना पुन्हा पुन्हा तिच्या मागं जाणं, तिला गाठणं, हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली दखलपात्र गुन्हा आहे. म्हणून ठाण्यात गेल्यावर ‘त्यानं फोन फोडला’ एवढंच सांगून थांबू नका. तो केव्हापासून मागं लागलाय, कुठं कुठं उभा राहतो, काय धमकी देतो, सगळं सांगा. फोन फोडला एवढंच कागदावर आलं, तर ती नासधूस ठरते आणि एनसीवर भागतं. पाठलाग लिहिला गेला तर गुन्हा दाखल होतो.

हद्दीचं कारणही आता चालत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची खबर कुठल्याही पोलीस ठाण्यानं घ्यायची आहे. खबर ऑनलाइनही देता येते, मात्र तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. नोंदीची प्रत फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय घरी येऊ नका. ठाण्यात खबर घेतलीच नाही, तर तीच माहिती लिहून टपालानं पोलीस उपायुक्तांकडे पाठवता येते. उपायुक्तांकडे, कारण १ ऑक्टोबर २०२० पासून आपण मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालयात आहोत.

आता महाविद्यालयाकडे वळते. मी तीस वर्षं शिकवलं. तास संपल्यावर दाराशी घुटमळणारी मुलगी मला आजही दिसते. ‘मॅडम, वेळ आहे का?’ म्हणायची. काय झालं विचारलं की, ‘काही नाही, सहज.’ तिसऱ्या दिवशी बोलली. एक मुलगा रोज घरापर्यंत येत होता. मी काय सांगितलं असेल? ‘दुर्लक्ष कर, वाट बदल.’ पुढच्या सहामाहीत तिचं नाव हजेरीपटावर नव्हतं. लग्न लावून दिल्याचं नंतर कळलं. त्या दिवशी मी एक कागद पुढं ओढून तारीख टाकायला हवी होती. ते मी केलं नाही, आणि त्याचं दुःख मला आहे.

कायद्यानं हा कागद प्राध्यापकांच्या मर्जीवर ठेवलेला नाही. आपल्या महाराष्ट्राचा रॅगिंगविरोधी कायदा १९९९ चा आहे. लेखी तक्रार आली की प्राचार्यांनी सात दिवसांत चौकशी करायची, तथ्य दिसलं तर विद्यार्थ्याला निलंबित करायचं आणि तक्रार पोलिसांकडे पाठवायची. टाळाटाळ केली तर त्यांनी रॅगिंगला साथ दिली असं कायदा मानतो. लैंगिक छळासाठी प्रत्येक महाविद्यालयात अंतर्गत समिती हवी. अध्यक्ष स्त्री हवी, आणि विद्यार्थ्यांचं प्रकरण असेल तेव्हा विद्यार्थी प्रतिनिधीही हवेत. तक्रारीची मुदत तीन महिन्यांची आहे, योग्य कारण असेल तर ती वाढते. आणि ती मुलगी तक्रार देण्याच्या अवस्थेतच नसेल, तर तिची मैत्रीण, सहाध्यायी, नातेवाईक तक्रार देऊ शकतात. मैत्रिणींनो, हे लक्षात असू द्या.

संकट समोरच उभं असेल तेव्हा ११२. हा फोन वसईत उचलला जात नाही, नवी मुंबईच्या नाहीतर नागपूरच्या केंद्रात उचलला जातो. तिथल्या माणसाला ‘बाभोळ्याच्या पुढं’ किंवा ‘जुन्या विवा कॉलेजजवळ’ म्हटलेलं कळेलच असं नाही. म्हणून आधी शहर सांगा, पूर्व की पश्चिम सांगा, मग रस्ता आणि खूण. काय झालंय ते एका वाक्यात, आणि पलीकडचा ठेव म्हणेपर्यंत फोन ठेवू नका. रुग्णवाहिकेला १०८, रेल्वेगाडीत असाल तर १३९, मोबाइलवरून पैसे गेले तर लगेच १९३०.

माणसं पुढं होतात तेव्हा काय घडतं, तेही सांगते. २७ जून २०२३ ला पुण्यात सदाशिव पेठेत एक तरुण कोयता घेऊन एका मुलीच्या मागं धावत होता. जवळच्या पेरुगेट चौकीत त्या वेळी पोलीस नव्हते, पुढं तिघा पोलिसांना निलंबित करण्यात आलं. पण स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासासाठी पुण्यात राहिलेला लेशपाल जवळगे मध्ये पडला, त्यानं कोयत्याचा हात धरला, हर्षद पाटील धावला, आणि ती मुलगी वाचली. प्रत्येकाला कोयता धरता येणार नाही, तसा हट्टही कुणी करू नये. ओरडता येतं, चारजणांना हाक मारता येते, हातातला फोन चित्रीकरणाऐवजी ११२ लावायला वापरता येतो.

श्रोत्यांपैकी अनेकांची मुलं, भाचरं, नातवंडं उद्या सकाळी कॉलेजला जातील. त्यांना एवढंच सांगा: सूचना फलकावर अंतर्गत समितीच्या आणि रॅगिंगविरोधी समितीच्या सदस्यांची नावं, फोन नंबर लावलेत का, पाहून या. नसतील, तर दोन ओळींचा अर्ज प्राचार्यांच्या नावानं लिहा, वर तारीख टाका, आणि कार्यालयात देऊन दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या.