चुका किती उरल्या?

१ मे २०१८ पासून महाराष्ट्रात डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. अशा उताऱ्यामागे सॉफ्टवेअर असते, म्हणजे संगणकाला दिलेल्या हजारो आज्ञा. त्यांतली एक चुकली, तर क्षेत्र भलत्याच्याच नावावर दिसायचे आणि पीककर्ज अडायचे. म्हणून सॉफ्टवेअर लोकांच्या हाती देण्याआधी ते चालवून पाहतात आणि सापडतील त्या चुका दुरुस्त करतात. पण ही तपासणी थांबवायची केव्हा? सापडल्या किती ते मोजता येते. उरल्या किती ते कसे कळावे?

भुईमूग काढल्यावर सरवा वेचतात, तो आठवा. पहिल्या फेरीत पाटी भरते, दुसरीत अर्धी, तिसरीत पाव. पुढच्या फेरीत काय हाती लागेल, ते जाणती म्हातारी बांधावरूनच सांगते. हाच अंदाज अमृत गोयल व काझुहिरा ओकुमोटो यांनी १९७९ मध्ये सूत्रात मांडला. समजा, पहिल्या शंभर तासांत ४० चुका सापडल्या, पुढच्या शंभरांत २०, नंतर १०. सापडल्या ७०, पण हा उतार पाहता एकूण ८० असाव्यात. म्हणजे दहाएक अजून दडून आहेत. पुढच्या शंभर तासांत पाचच्या जागी पंधरा निघाल्या, तर काय समजावे? बहुधा दुरुस्ती करतानाच नव्या चुका शिरल्या.

यात दोन पथ्ये आहेत. पहिले, हिशेब दिवसांचा नको, यंत्र चालल्याच्या वेळेचा हवा. जॉन मुसा यांनी १९७५ मध्ये हाच आग्रह धरला. दिवाळीत तपासणारेच घरी गेले, तर चुका कमी दिसणारच! दुसरे, तपासणी खऱ्या वापरासारखी हवी. आपल्या नगरच्या व्हीआरडीई संस्थेत वाहने खास चाचणी-मार्गांवर चालवून पारखतात. नुसत्या गुळगुळीत रस्त्यावर गाडीची परीक्षा होत नाही. तसेच सातबाऱ्याचे. सामाईक खाते, वारसनोंद, पोटहिस्सा हे अवघड मामले घालून पाहिलेच नाहीत, तर आकडे छान उतरतील आणि फसवतील.

शिक्षक बंधुभगिनींनी हा प्रयोग वर्गात करावा. एका उताऱ्यात मुद्दाम वीस चुका घाला. त्यांची संख्या मुलांना सांगू नका. पाच-पाच मिनिटांच्या तीन फेऱ्या द्या, दर फेरीत नव्याने सापडलेल्या चुकांचा आलेख काढा आणि विचारा : अजून किती उरल्या असतील? ‘सापडत नाहीत’ म्हणजे ‘नाहीत’ असे नव्हे, हे मुलांना तिथेच उमगेल.