शेऱ्याचा रकाना

‘रिमार्क’ हा इंग्रजी शब्द परभणी जिल्ह्यातील शाळा, तहसील कार्यालय आणि बँक या तिन्ही ठिकाणी पुरता रुळलेला असला, तरी त्याच्या जागी मराठीत शेरा, अभिप्राय, टिप्पणी, भाष्य आणि टीका असे निदान पाच शब्द उभे आहेत आणि ते सहसा एकमेकांची जागा घेत नाहीत. त्यांच्यातील भेद कोशातील अर्थापेक्षा सोबतच्या क्रियापदांत अधिक स्पष्ट दिसतो. अभिप्राय मागितला जातो आणि मग दिला जातो. टिप्पणी, म्हणजे प्रकरणाची हकीकत व नियम मांडणारे कार्यालयीन टिपण, खालच्या टेबलावरून वर सादर होते. भाष्य आणि टीका केली जाते. शेरा मात्र मारला जातो.

टीका या शब्दाचा आज ‘दोष दाखवणे’ असा अर्थ रूढ असला, तरी मुळात ती ग्रंथाचा अर्थ उलगडणारी रचना होय, आणि 1290 मध्ये सिद्ध झालेली ज्ञानेश्वरी ही या अर्थाने गीतेवरील टीकाच आहे. असा टीकाकार मूळ वचन समोर ठेवतो, स्वतःचे नाव सांगतो आणि आपण असा अर्थ का लावला याची कारणे देतो. शेऱ्याला यांपैकी कशाचीच सक्ती नसते. ‘चर्चा करावी’, ‘नियमानुसार कार्यवाही करावी’, ‘तपासून फेरसादर करावे’ या वाक्यांत कर्ता नाही आणि कारणही नाही. कोणी, का आणि केव्हापर्यंत, हे तिन्ही प्रश्न वाचणाऱ्यावर सोपवून लिहिणारा मोकळा होतो. कार्यालयीन मराठीचे हे सर्वांत यशस्वी वाक्यवळण म्हणावे लागेल.

परभणीला या शब्दाचा आणखी एक पदर आहे. 1948 च्या सप्टेंबरपर्यंत हा जिल्हा हैदराबाद संस्थानात होता, तेथील महसुली दप्तर उर्दूत चाले आणि उर्दू नोंदवह्यांत शेऱ्याच्या रकान्याला ‘कैफियत’ म्हणत. मराठीत कैफियत म्हणजे हकीकत किंवा बाजू मांडणे. न्यायालयात प्रतिवादी कैफियत देतो आणि इतिहासाच्या साधनांत घराण्यांच्या कैफियती सापडतात. एकाच रकान्याला एका दप्तराने हकीकतीचे नाव दिले आणि दुसऱ्याने अंतिम मताचे, ही बाब केवळ शब्दांची अदलाबदल मानणे कठीण आहे.

सातबाऱ्याच्या उताऱ्यावर तो रकाना आजही अगदी शेवटी आहे. गाव नमुना 7 मध्ये भोगवटादार, क्षेत्र आणि इतर हक्क येतात, तर गाव नमुना 12 मध्ये वर्ष, हंगाम, पीक आणि जलसिंचनाचे साधन नोंदल्यावर उरते ते ‘शेरा’ या शब्दाखाली. बांधावरची आंब्याची झाडे, विहीर, घराने व्यापलेली जागा अशा ज्या गोष्टी अन्य रकान्यांत मावत नाहीत, त्या तेथे एका ओळीत लिहिल्या जातात, आणि वाटणीच्या वेळी किंवा भूसंपादनाचा मोबदला ठरताना दोन भाऊ नेमकी हीच ओळ बोटाने दाखवून बोलतात. सोयाबीन किती आणि कापूस किती याबद्दल वाद कमी, झाड कोणाचे याबद्दल जास्त. शेरा कोरा असला, तर झाड प्रत्यक्षात उभे असूनही कागदावर नसते, आणि मग पंचनामा, जबाब असा लांबचा फेरा सुरू होतो.

शाळेच्या प्रगतिपुस्तकात ‘प्रगती समाधानकारक’ हा शेरा पिढ्यान्‌पिढ्या टिकला. शिक्षणहक्क कायद्यानंतर, सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात शिक्षकांकडून वर्णनात्मक नोंदी अपेक्षित आहेत. मूल काय करू शकते आणि कोठे अडते हे त्यांतून कळावे, असा हेतू. हेतू चांगला, पण तयार वाक्यांच्या याद्याही लगोलग फिरू लागल्या.

नोकरीतील गोपनीय अहवालाबाबत मात्र न्यायालयाने स्पष्ट भूमिका घेतली. पूर्वी केवळ प्रतिकूल शेरा, म्हणजे कर्मचाऱ्याच्या विरोधात जाणारे मत, त्याला कळवले जात असे. 2008 च्या देव दत्त प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक नोंद, ती अनुकूल असली तरी, संबंधिताला कळवावी असा निर्णय दिला. कारण ‘चांगला’ हा वरवर गोड शेराही पदोन्नतीसाठी ‘अति उत्तम’ लागत असेल तेव्हा आड येतो.

शेऱ्याखाली नाव, दिनांक आणि एका वाक्याचे कारण असावे, ही अपेक्षा जास्त नाही. तोवर उतारा हाती घेणाऱ्याने शेवटचा रकाना आधी वाचावा, आणि अधिकार अभिलेखात लेखनप्रमाद, म्हणजे लिहिताना झालेली चूक, आढळल्यास महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966 च्या कलम 155 अन्वये दुरुस्तीसाठी तहसीलदारांकडे अर्ज करावा.