तार आणि बिनतारी

श्रोतेहो, शिरूर-दौंडकडच्या वाड्या-वस्त्यांवर आता इंटरनेटची तार खांबाखांबाने घरापर्यंत येऊ लागली आहे. पेटी ओटीवरच्या भिंतीला लागते, पैसे १०० मेगाबिटांचे भरले जातात, आणि माजघरात अभ्यासाला बसलेल्या मुलाच्या मोबाइलवर मात्र पुष्कळदा २० सुद्धा मिळत नाहीत. मग कोणीतरी मोठी योजना घ्या म्हणून सुचवतो. ते जादा पैसे बहुधा वाया जातात. ते कसे, एवढेच आज पाहू.

बिनतारी लहर काही मंद नसते. हवेतून ती सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर जाते. काचेच्या तंतूतला प्रकाश जातो सुमारे २ लाख! उशीर होतो तो खोळंब्यामुळे.

दौंडकरांना हे फोडून सांगायला नको. दौंड-मनमाड मार्ग कित्येक वर्षे एकेरी होता. समोरची गाडी येऊन पोहोचेपर्यंत इकडची क्रॉसिंगला उभी. घरातली बिनतारी व्यवस्था अशीच एकेरी आहे. पेटी बोलत असताना मोबाइलने ऐकायचे, एक मोबाइल बोलत असताना बाकीच्यांनी थांबायचे. शेजाऱ्याची पेटी त्याच पट्ट्यावर असली तर तिच्यासाठीही थांबायचे. शिवाय प्रत्येक निरोपाची पोच यावी लागते. नाही आली तर तोच निरोप पुन्हा. तारेवर मात्र अप आणि डाऊन दोन्ही वाटा एकदम मोकळ्या.

त्यात भिंती आल्या. आकाशवाणीचे पुणे केंद्र १९५३ साली सुरू झाले. ७९२ किलोहर्ट्झवरची त्याची लहर सुमारे ३७९ मीटर लांब. ती जमिनीला धरून डोंगरापलीकडेही जाते. घरातल्या पेटीची लहर २.४ गिगाहर्ट्झवर साडेबारा सेंटिमीटर, ५ गिगाहर्ट्झवर जेमतेम ६. म्हणजे वीतभरही नाही! जाड दगडी भिंतीत ती क्षीण होते, पत्र्यावर आणि लोखंडी कपाटावर आपटून मागे फिरते, पाण्याच्या टाकीत जिरते. ५ वाली माल जास्त वाहते, पण लवकर थकते. क्षीण लहरीवर मोबाइल सावकाश बोलतो, आणि मालगाडीने एकेरी मार्ग अडवावा तसा तो सगळ्यांनाच अडवून धरतो.

म्हणून तक्रारीआधी एक संगणक तारेने पेटीला जोडून वेग मोजा. तिथेही कमी भरला तर कंपनीला जरूर धारेवर धरा. तिथे पुरा भरला तर दोष घरातच आहे. पेटी कपाटामागून काढून घराच्या मध्यावर, उंच लावा.

शिक्षकांना एक विनंती. शिष्यवृत्तीचे अर्ज शेवटच्या दिवशी अडकले की नुकसान मुलांचे होते. ज्या संगणकावर ते भरता, त्याला तरी तार जोडाच. साधी तांब्याची नेटवर्क तार १०० मीटरपर्यंत चालते. मात्र ती उघड्यावरून दुसऱ्या इमारतीकडे ओढू नका. वळवाच्या पावसात वीज जवळपास पडली तरी पेटी आणि संगणक दोन्ही जळू शकतात. तिथे काचेच्या तंतूचीच तार हवी.