अंगणाएवढी बाग



बाग म्हटली कीं हिरवळीचा गालिचा, रांगेनें मांडलेल्या कुंड्या आणि मध्यें एखादें कारंजें, असें चित्र आपल्या शहरी मनापुढें उभें राहतें. भोर-वेल्ह्याच्या बाजूस चार-दोन गुंठे घेऊन टुमदार घर बांधणारी मंडळी बहुधा हेंच चित्र बरोबर नेतात. मुरमाचा उतार कापून सपाट करतात आणि त्यावर हिरवळ पसरतात. आषाढांत तेथली माती ओघळींनीं वाहून जाते; आणि वैशाखांत, आसपासच्या वाड्यावस्त्यांवर हंडाभर पाण्यासाठीं पायपीट चालूं असतां, ही हिरवळ मात्र रोज पाणी मागते.

म्हणून बाग आंखण्यापूर्वीं जागेचा स्वभाव ओळखावा. या मुलुखांत घाटमाथ्याकडे पाऊस कोसळतो आणि पूर्वेकडे तो झपाट्यानें कमी होतो. वेल्ह्यास जें रोप मानवेल, तें नसरापुरास मानवेलच असें नाहीं.

राजगड-तोरण्याच्या छायेंत बाग करणाऱ्यानें रामचंद्रपंत अमात्यांचें आज्ञापत्र अवश्य वाचावें. अठराव्या शतकाच्या आरंभींच्या या ग्रंथांत, गड बांधण्यापूर्वीं पाणी पाहावें, नसल्यास खडक फोडून टाकीं-तळीं करावीं, असलेलीं झाडें राखावीं आणि आंबा, फणस, चिंच यांबरोबर फुलझाडें व वेलीहि लावाव्या, असा उपदेश आहे. आधीं पाणी, मग जुनें झाड, मग नवें झाड, हा क्रम लहानशा अंगणासहि लागू आहे.

उतार असेल तर तो राहूं द्यावा. तेथल्याच काळ्या दगडाच्या ताली रचून दोन-तीन पायऱ्या कराव्या. कुंपणास करवंदी लावावी. न्हाणीच्या पाण्यावर केळ, कर्दळ आणि अळू हीं पोसावीं. कुड्याचें झुडूप आपोआप आलें असेल तर तें तोडूं नये. उन्हाळ्यांत त्यास पांढरीं, सुवासिक फुलें येतात. एक कोपरा मुद्दाम मोकळा सोडावा. श्रावण-भाद्रपदांत तेरडा आणि सोनकी तेथें न बोलावतां येतात.

मग आपल्या आवडीस वाव कोठें, असें आपण विचाराल. तो निवडींत आहे. ज्यास पहाटे उठण्याची संवय, त्यानें ओट्याशेजारीं पारिजातक लावावा. ज्यास पांखरांची संगत हवी, त्यानें पांगारा. ज्याच्या आजीच्या देवपूजेंत अनंताचें फूल असे, त्यानें दाराशीं अनंत. गुलाबाचा हट्टच असेल तर दोन कुंड्या वळचणीखालीं ठेवाव्या.

फाटकांतून आंत पाऊल टाकतांच पाहुण्यास दोन गोष्टी कळाव्या: आपण कोणाच्या घरीं आलों, आणि कोणत्या गांवीं आलों. एवढें साधलें कीं लहान बागहि पुरी झाली.