दाखला जपून ठेवा
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



मी २२ वर्षं कुवेतला नोकरी केली. मुलगी तिथेच शिकली. २०२३ साली तिला इंजिनिअरिंगला घालायचं ठरलं, तेव्हा कळलं की परदेशस्थ भारतीयांच्या कोट्यात फी कैकपट. राज्याच्या जागेसाठी तिची दहावी-बारावी इथली नव्हती. पण आईवडिलांपैकी एकाचं अधिवास प्रमाणपत्र चालतं. त्यासाठी महाराष्ट्रात १५ वर्षं राहिल्याचा पुरावा लागतो.

पुरावा कुठला आणायचा? जुलै २०२१च्या पुरात जगबुडीचं पाणी घरात शिरलं, ट्रंकेतले सगळे कागद गेले. ‘तुम्ही खेडचे कशावरून?’ असं खिडकीवर विचारलं, तेव्हा मला उत्तर सुचेना. ज्या गावात जन्मलो, तिथेच मी परका!

मग आपल्या शाळेत आलो. जनरल रजिस्टर उघडलं. निळ्या शाईत माझं नाव, वडिलांचं नाव, जन्मठिकाण खेड. दाखल्याची दुसरी प्रत मिळाली, प्राथमिक शाळेचा उतारा जोडला, प्रमाणपत्र हातात आलं. मुलीला राज्याच्या जागेवर प्रवेश मिळाला.

अमेरिकेतही राज्याच्या रहिवाशांना सरकारी विद्यापीठात फी कमी असते. शिकायला व्हिसावर गेलेल्यांना ती सवलत सहसा मिळत नाही. म्हणजे ‘तू कुठला?’ हा प्रश्न सगळीकडेच आहे.

आपल्यातले कितीतरी जण मुंबईत, आखातात आहेत. त्यांना एकच सांगणं : शाळा सोडल्याचा दाखला आजच शोधा. आणि ज्या गुरुजनांनी ती नोंद नीट लिहून ठेवली, त्यांना माझा नमस्कार.